पेलेल एवढं लोखंड

काटेशेठना जड वस्तूंचं भारी प्रेम. भंगाराच्या धंद्यात ते असावंच लागतं. आलेला माल काट्यावर चढला की आकडा किती सरकतो, यावर त्यांचं घर चाललेलं. त्या काट्यावरूनच गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं आणि तिथेच सुखरूप पडून होतं.

त्यांचं आवार काही मोठं नव्हतं. पत्र्याचं फाटक, आत शिरताच डावीकडे काटा, त्यापलीकडे ढीग. पत्रा एका बाजूला, पितळ-तांबं कुलपाच्या खोलीत आणि मागच्या भिंतीला टेकून बिडाचा डोंगर. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात शिवणयंत्रांचे पाय, गटारांची झाकणं, फुटके पाइप, मोडक्या शेगड्या आणि अधूनमधून एखाद्या जुन्या स्वयंपाकघरातून आलेले दांडीचे तवे. फाटकाशेजारच्या केबिनमध्ये त्यांची बायको बसायची. फोन तिच्याकडे, पावत्या तिच्याकडे, चहा तिच्याकडे, आणि शेठचे पाय जमिनीवर ठेवायचं खातंही तिच्याचकडे.

एका सकाळी फाटकातून एक तरुण बाई आत आली. पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात सरकारी इस्पितळाचं ओळखपत्र.

"बिडाचे जुने तवे आहेत का? दांडीवाले, थोडे खोलगट?"

"आहेत की. पाहिजे तेवढे न्या," शेठ म्हणाले आणि ढिगाकडे हात केला.

तिनं बाह्या सारल्या. एकेक तवा ओढून काढायची, दांडीला धरून हात लांब करायची, क्षणभर तशीच थांबायची आणि ठेवून द्यायची. घेऊन बघ, ठेवून दे. शेठ लांबून बघत होते. शेवटी ढिगातला सगळ्यात भक्कम तवा त्यांनी स्वतः उचलून तिच्यापुढे ठेवला.

"हा घ्या. असा माल आता मिळत नाही. डोक्यात घातला तर डोकं फुटेल, तव्याला काही होणार नाही."

"मला हलका हवाय," ती म्हणाली.

शेठना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांच्या आवारात उभं राहून आजवर कोणी हलकं मागितलं नव्हतं.

"हलका हवा तर बाजारात जा. ॲल्युमिनियमचा घ्या."

"ॲल्युमिनियम नको, बीडच हवंय. पण हलकं." तिनं हात झटकले. "पूर्वी ओतायचे पातळ. नवे सगळे जाड येतात आणि आतून खरखरीत. तुमच्याकडे आला एखादा तर ठेवाल? मी येत जाईन."

ती गेली. शेठ केबिनपाशी येऊन उभे राहिले. आपला माल नाकारला गेल्याचं दुःख चेहऱ्यावर होतं.

"काय म्हणत होती?" बायकोनं विचारलं.

"वेडी आहे. हलकं लोखंड मागते. उद्या म्हणेल, कोरडं पाणी द्या."

पण ती आली. पुढच्या आठवड्यात आली, त्याच्या पुढच्याही. आली की सरळ बिडाच्या ढिगाकडे जायची, नवीन काय पडलंय ते उचलून बघायची आणि काळे झालेले हात घेऊन नळाकडे जायची. तक्रार नाही, घासाघीस नाही. शेठ आत येऊन सांगायचे, "ती हलकी बाई आली बघ परत."

"हलक्या तव्यांची बाई म्हणा," बायको पावतीवरून नजर न उचलता म्हणायची. "मधला शब्द खाल्लात तर एखाद दिवशी मार खाल."

तिसऱ्या-चौथ्या खेपेला बायकोनंच तिला केबिनमध्ये बोलावलं, चहाचा कप पुढे केला आणि जे शेठना विचारायचं सुचलं नव्हतं ते विचारलं. "कुणासाठी शोधतेस गं एवढं?"

तेव्हा कळलं. ती इस्पितळात हातांच्या विभागात काम करत होती. ज्यांचे हात मोडले, चिरडले, लकव्यानं गेले, त्यांना परत कामं शिकवायची. बटण लावणं, झाकण फिरवणं, पेन धरणं. तिच्याकडे एक बाई येत होत्या. स्टेशनाच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं छोटं दुकान होतं. सकाळी कामावर निघालेल्या माणसांना गरम अंडी, बटाटे, पाव. दुकान एकहाती चालवायच्या. सगळं गिऱ्हाईक त्यांना वहिनी म्हणायचं. एकदा ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि सगळं अंग उजव्या मनगटावर आलं. हाडाचे तुकडे पट्टी घालून, स्क्रू मारून जोडले, पण आधीची ताकद काही परत आली नाही.

"मी दिलेलं सगळं करतात," मॅडम म्हणाली. आता शेठच्या घरात ती मॅडम झाली होती. "दोरीवर चिमटे लाव म्हटलं की लावतात, चेंडू दाब म्हटलं की दाबतात. पण सगळं खाली मान घालून. एक दिवस मी विचारलं, तुम्हाला या हातानं नक्की काय करायचंय? म्हणाल्या, तवा उचलायचाय. बाकी सगळं डावा हात करेल."

"मग नवा हलका तवा, तो काळ्या लेपाचा..." बायकोनं सुचवलं.

"आणून दिला. त्यांनी बोटानं वाजवला आणि म्हणाल्या, छान आहे, भातुकलीला होईल." मॅडम हसली, पण लगेच गंभीर झाली. "त्यांचा स्वतःचा तवा बिडाचा आहे. घरी गेल्या गेल्या तो उचलायला गेल्या आणि हातून सुटला. फरशी तडकली. त्या दिवसापासून दुकानाचं नाव काढत नाहीत. घरचे म्हणतात, बरं झालं, आता बसा आरामात. डॉक्टर म्हणतात, मनगट आता याहून जास्त सुधारणार नाही. म्हणजे हात वर जाणार नसेल तर तव्यालाच खाली यावं लागेल."

"पण पातळ बीड असतं हे तुला कुणी सांगितलं?" शेठनी विचारलं. नकळत ते तिला अगंतुगं करू लागले होते.

"माझ्याकडे एक आजोबा यायचे. सरावासाठी स्वतःचा तवा घेऊन. पन्नास-साठ वर्षं जुना असेल. मी उचलला आणि चाटच पडले. बरे झाल्यावर मी तो मागितला, तर त्यांनी तो पिशवीत घालून छातीशी धरला. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांची बायको मागितली."

त्या दिवसापासून शेठचा हात बदलला. टेम्पोतून माल उतरताना एखादा तवा दिसला की ते पुढे होऊन तो स्वतः उचलायचे, हात लांब करायचे आणि थांबायचे. हमाल एकमेकांना कोपरानं ढोसायचे. आयुष्यभर जो हात जडपणा ओळखायला शिकला होता, तो आता उलटं शिकत होता, आणि शेठना त्यात मजा वाटू लागली होती. सारख्याच आकाराच्या दोन तव्यांत एवढा फरक असतो हे त्यांना इतकी वर्षं बिडात लोळून कळलं नव्हतं. कळायचं कारणच नव्हतं. काट्यावर सगळे एकत्रच चढायचे.

एकदा त्यांना एक सापडला. चांगला हलका. मॅडम येईपर्यंत त्यांनी तो केबिनमध्ये, बायकोच्या खुर्चीमागे, कापडात गुंडाळून ठेवला. आली तसा तिच्यापुढे धरला. तिनं हात लांब करून वजन घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. मग तिनं दांडीच्या भोकात बोट घालून तवा लोंबकळता धरला आणि बोटाच्या पेरानं त्याच्यावर टकटक केली. बद्द आवाज आला, मडकं फुटकं असल्यासारखा.

"चीर आहे," ती हळूच म्हणाली. "दिसत नाही, पण आहे. तापला की उमलेल."

तिनं तो तवा ढिगावर फेकला नाही. दोन्ही हातांनी नीट कडेला ठेवला, एखाद्याला बसायला जागा द्यावी तसा. शेठच्या ते मनात राहिलं. इतके आठवडे ही पोरगी रिकाम्या हातानं परत जाते आहे, इस्पितळातलं काम संपवून, बस बदलून येते आहे, आणि तिचा जीव अजून कंटाळलेला नाही.

दुसरा सापडला तो वाजला खणखणीत, पण काट्याच्या सपाट पाटावर ठेवला तर डुगडुगला. तळ वाकला होता. शेगडीवर तेल सगळं एका कडेला जमलं असतं. तोही गेला.

मग पावसाळा सरून गेल्यावर केव्हातरी शेठ एका पुतणीच्या साखरपुड्याला दिवसभर बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना बायको म्हणाली, "काल एका वसतिगृहाचा माल आला. बंद झालं म्हणे. त्यांच्या स्वयंपाकघरातलं सगळं होतं. भांडी, शेगड्या, तवे. त्यातला एक तवा मी हलवून बाजूला केला, तर मला वाटलं पत्र्याचाच आहे. म्हणून पत्र्यात टाकायला निघाले, तेवढ्यात वाजवून बघितलं. बीडच निघालं."

शेठचा घास हातात राहिला. "वाजवलास? आवाज कसा होता?"

"देवळातली घंटा."

"मग कुठे आहे?"

बायकोच्या तोंडावरचा रंग उतरला. "अहो, माल उतरवायच्या गडबडीत ध्यानातच आलं नाही, बिडात टाकला. आणि आज सकाळी ओतकारखान्याचा ट्रक भरून गेला ना."

शेठ जेवणावरून उठले. हात धुतला की नाही हे त्यांनाही आठवत नव्हतं. स्कूटर काढली आणि गावाबाहेरच्या ओतकारखान्याकडे निघाले. रस्ताभर स्वतःशी चडफडत होते. साखरपुड्यालाही शिव्या, वसतिगृह बंद करणाऱ्यांनाही शिव्या. फक्त बायकोला एक शब्दही नाही, कारण वाजवून बघायचं तिला तरी सुचलं होतं.

कारखान्याच्या आवारात त्यांचा माल नुकताच उतरवला होता. वर क्रेनला लटकलेलं मोठं गोल चुंबक सावकाश खाली येत होतं. ते ढिगाला टेकलं की लोखंड झटकन त्याला चिकटायचं, मधमाश्यांसारखं, आणि सगळा लोंबता गोळा भट्टीच्या बाजूला निघून जायचा. शेठनी क्रेनच्या केबिनखाली उभं राहून दोन्ही हात हलवायला सुरुवात केली.

आवाज ऐकून ओतकामाचे मिस्त्री बाहेर आले. पिकल्या मिशा, भुवया कधीकाळी भट्टीनं जाळून नेलेल्या, त्या परत उगवल्याच नव्हत्या. शेठना ते वर्षानुवर्षं ओळखत होते.

"काय झालं? वजनात फरक निघाला का?"

"वजनाचं नाही. एक तवा चुकून आलाय. परत पाहिजे."

"तवा?"

"तवा."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. भंगारवाला दिलेला माल परत न्यायला येतो हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्यांनी क्रेनवाल्याला हातानं खूण केली, चुंबक वरच थांबलं, आणि साखरपुड्याहून आलेले शेठ कालचीच इस्त्रीची पँट घालून ढिगावर चढले. पाइपाचे तुकडे बाजूला, शेगडीचे पाय बाजूला. एक तवा निघाला, जड. दुसरा निघाला, तोही जड. घाम डोळ्यांत जात होता. शिवणयंत्राच्या एका पायाखाली काळ्या दांडीचं टोक दिसलं. शेठनी ते ओढलं, आणि हात जेवढा जोर लावून बसला होता तेवढा लागलाच नाही. तवा असा अलगद वर आला की तेच मागे झोक जाऊन पडता पडता राहिले.

"हाच," ते म्हणाले.

मिस्त्रींनी तो त्यांच्या हातातून घेतला, सहज, एका हातानं. मग दुसरा हात लावला. काठावरून अंगठा फिरवला. एकदा उलटा केला, एकदा उजेडाकडे तिरका धरला.

"हा हातानं भरलेल्या साच्यातला आहे," शेवटी ते म्हणाले. "साच्यात एवढीशी फट ठेवली की लोखंड आत पळता पळता गोठतं. ओतणाऱ्याचा हात जरा रेंगाळला तर काठाला भोक राहतं. जोरात ओतलं तर साचाच ढासळतो. आणि हा बघा, सगळीकडे सारखा. आज माझ्याकडे कुणी असा मागितला ना शेठ, तर मी सरळ नाही म्हणेन."

त्यांनी आतल्या दोघा-तिघांना हाक मारली. भट्टीवरची माणसं हातमोजे काढून आली. तवा या हातातून त्या हातात गेला. प्रत्येकजण तेच करत होता. घ्यायचा, चमकायचा, काठावरून अंगठा फिरवायचा. एकानं तळ पुसून बघितला. कारखान्याची कसलीच खूण नव्हती.

"नाव नाही कुणाचं," तो म्हणाला.

"नावाचंसुद्धा वजन त्याला नको असेल," मिस्त्री म्हणाले आणि तवा शेठना परत देताना उगाच एकदा आणखी जोखून पाहिला. "न्या. पण बदल्यात तेवढ्या वजनाचं काहीतरी टाकून जा. हिशेब म्हणजे हिशेब."

शेठनी स्कूटरच्या डिकीतला मोडका पाना काढून ढिगावर टाकला. मिस्त्री हसले. फिट्टंफाट झाली.

घरी आल्यावर खरं संकट दिसलं. तव्याला बाहेरून वर्षानुवर्षांची जळकी खपली चढली होती आणि आतून गंज. शेठ ग्राइंडर आणायला निघाले तशी बायको आडवी आली.

"त्याला ग्राइंडर लावलात तर आजपासून तुमचं जेवणही ग्राइंडरवरच करा. एवढं पातळ केलंय कुणीतरी जीव ओतून, आणि तुम्ही ते खरवडणार?"

तिनं तो ताब्यात घेतला. रबरी हातमोजे घालून मागच्या अंगणात प्लास्टिकच्या बादलीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि शेठना बादलीच्या आसपास फिरकायची बंदी केली. काही दिवसांनी खपली सालासारखी सुटली. मग गंजासाठी व्हिनेगरचं पाणी, तेही थोडाच वेळ, सारखं उचलून बघत. घासला, धुतला, लगेच आचेवर कोरडा केला, आणि तेलाचा हात फिरवून पुसून टाकला. इतकं पुसलं की शेठ म्हणाले, "लावलंस कशाला मग?" ती म्हणाली, "राहतं ते पुरतं." पुन्हा तापवला, पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. शेठ दारात उभे राहून बघत होते. ही बाई आपल्या पावत्या करते, हिला हे कधीपासून येतं, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

शेवटी तिनं तो खिडकीशी धरला. आतला तळ पाटीसारखा गुळगुळीत होता. नीट पाहिलं तर त्यावर घासून काढल्याच्या बारीक गोल रेषा दिसत होत्या, आतून बाहेर जाणाऱ्या. कुणीतरी बसून त्या काढल्या होत्या.

इस्पितळात दोघंही गेली. मॅडमनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "फार कौतुक करू नका त्यांच्यापुढे. त्यांना आवडत नाही." हातांच्या विभागात कोपऱ्यात एक छोटा ओटा होता, गॅसची शेगडी, नळ, दोन फळ्या. लोकांनी तिथे घरच्यासारखं काम करून बघायचं. वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. रुंद खांद्यांच्या, केस घट्ट बांधलेले, उजवा हात मांडीवर असा ठेवलेला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि त्यांना थोडा वेळ सांभाळायला दिलाय.

मॅडमनं तवा ओट्यावर ठेवला. वहिनींनी आधी शेठकडे बघितलं, मग बायकोकडे, मग तव्याकडे. उठल्या. डाव्या हाताच्या पेरानं वाजवला. तळावरून तळवा फिरवला आणि तो नाकाशी नेला.

"तेल कुणी दिलं याला?"

"मी," शेठची बायको म्हणाली.

"चांगलं दिलंय," वहिनी म्हणाल्या. बायको एवढ्यानंच फुलली.

मग वहिनींनी उजवा हात पुढे केला. बोटं दांडीभोवती सावकाश मिटली. तवा ओट्यावरून उठला, थोडा थरथरला, आणि तसाच हवेत राहिला. वहिनी त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी तो खाली ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अंडी आहेत का?"

होती. मॅडमनं आणून ठेवली होती. पण ती फोडून द्यायला ती पुढे झाली नाही. दोन्ही हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. शेठना राहवेना. ते पुढे सरकले तसे बायकोनं त्यांचा शर्ट मागून धरला.

पहिलं अंडं फसलं. वहिनींनी सवयीनं तवा तापू दिला, त्यांच्या जुन्या तव्याला लागायचा तेवढा वेळ, आणि हा तोवर धुरावला होता. अंड्याच्या कडा चरचरून काळ्या झाल्या. शेठचं तोंड उतरलं. वहिनी मात्र वाकून तव्यात बघत होत्या, एखाद्या नव्या गिऱ्हाइकाचा स्वभाव जोखावा तशा.

"उतावळा आहे हा," त्या म्हणाल्या. "माझा होता तो सुस्त होता. त्याला उठवायलाच वेळ लागायचा. याला हाक मारली की हजर."

दुसऱ्या वेळी आच बारीक केली. लवकर फोडलं. तेल फिरवायला तवा तिरका करायची वेळ आली तेव्हा मनगट मध्येच अडलं. तेवढं ते वळतच नव्हतं. वहिनी थांबल्या. मग त्यांनी कोपर कमरेला टेकवलं आणि सगळं अंगच थोडं डावीकडे झुकवलं. तवा अंगाबरोबर झुकला, तेल कडेपर्यंत गेलं. मॅडमच्या तोंडून हलकेच हुंकार निघाला. हे तिनं शिकवलेलं नव्हतं.

अंडं झालं. वहिनींनी पुन्हा तसंच कोपर टेकवून तवा ताटलीवर नेला, अंगासकट कलल्या, आणि अंडं घसरत जाऊन ताटलीच्या मधोमध बसलं. अखंड.

मॅडम वळून नळाशी गेली आणि स्वच्छच असलेली एक ताटली बराच वेळ धूत राहिली. शेठनी आयुष्यात खूप काही उचलताना पाहिलं होतं. इंजिनं उचलताना, रेल्वेचे रूळ उचलताना, क्रेननं अख्खी मोटार उचलताना. पण कुणी काही उचललं आणि वजन किती हे मनातही आलं नाही, अशी ही त्यांची पहिलीच वेळ.

वहिनींनी ताटली शेठपुढे सरकवली आणि त्या ओट्याला टेकल्या. कपाळावर घाम होता. हात दुखत असावा, पण त्यांनी तो मांडीवर ठेवला नाही. दांडीवरच राहू दिला.

"असा अजून एक लागेल," त्या म्हणाल्या. "एकावर सकाळची गर्दी निघणार नाही. एक खाली उतरला की दुसरा चढला पाहिजे. बघाल?"

"बघतो," शेठ म्हणाले. आभाराचा शब्द त्या बोलल्या नव्हत्या आणि शेठना तो हवाही नव्हता. कामाची माणसं एकमेकांशी बोलतात तसं त्या बोलल्या होत्या. त्यांना तेच मोठं वाटलं.

त्यांनी गावातल्या सगळ्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलं. आधी सगळे हसले. काटेशेठ म्हातारपणी हलके झाले म्हणाले. पण मग एकेकानं हात लांब करून तवे उचलून बघायला सुरुवात केली, आणि ही खोड एकदा लागली की सुटत नाही. दुसरा तवा नदीपलीकडच्या एका दुकानातून आला. पहिल्याइतका नाजूक नव्हता, काठ जरा बोथट, पण तळ सपाट आणि आवाज स्वच्छ. बायकोनं त्याला बादलीत घातलं. मॅडमनं वजन घेतलं आणि मान हलवली. चालेल.

थंडी पडायला लागली तेव्हा स्टेशनाच्या मागच्या रस्त्यावरचं दुकान उघडलं. शेठ सकाळी आवार उघडायच्या आधी तिकडे गेले. आधीपेक्षा लहान मांडणी होती. समोर तीन-चार स्टुलं, बाकी सगळे उभे. वहिनींनी सगळी कामाची रीतच बदलली होती. त्यांचा जुना जड तवा मागच्या शेगडीवर कायमचा बसवला होता, त्यात कांदा-बटाटा मंद शिजत असायचा आणि तो उचलायचाच नाही, मोठ्या चमच्यानं त्यातलं घ्यायचं. अंडी पुढच्या दोन हलक्या तव्यांवर, एका वेळी एकच ताट. दांड्यांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. आधी चार जणांचं एकदम व्हायचं, आता एकेकाचं होत होतं, आणि रांगेतली माणसं कामावर उशीर होईल तरी उभी होती. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "आधीपेक्षा चांगलं लागतंय का रे?" दुसरा म्हणाला, "ताजं आहे ना. आधी वहिनी उरकायच्या, आता करतात."

शेठ कडेला उभे राहिले. वहिनींचं कोपर कमरेला टेकायचं, अंग झुकायचं, तवा झुकायचा, अंडं ताटलीत. तोवर डावा हात दुसऱ्या तव्याखालची आच कमी करून मोकळा. एखाद दुसरं अंडं मोडायचं, ते त्या स्वतःसाठी बाजूला ठेवायच्या आणि पुढे चालू. कुठे थांबणं नाही, कुठे घाई नाही. शेठना वाटलं, हे नुसतं बघण्यासाठीसुद्धा माणसानं रांगेत उभं राहावं.

त्यांचा नंबर आला. ताटली हातात आली तरी त्यांची नजर तव्यावरच होती. तळावर, उजेड पडून चमकणाऱ्या त्या बारीक गोल रेषांवर.

"तवा काय बघताय," वहिनी पुढचं अंडं फोडत म्हणाल्या. "त्याला काही होत नाही. तुमचं ते गार होतंय, खा आधी. आणि जरा बाजूला सरका, मागे माणसं उभी आहेत."

शेठ बाजूला सरकले आणि उभ्या उभ्या खाऊ लागले.